तुर्की चेलो: काही महिने ऐकल्यावर

पावसाळ्यात ऐकायला घेतलं ते अजून चालूच आहे, तेव्हा मत द्यायला आता हरकत नसावी. तुर्की प्रजासत्ताकाच्या पहिल्या पिढीतल्या संगीतकारांचा चेलो (व्हायोलिनचा मोठा, खालच्या सुरातला भाऊ) एकटा वाजतो तेव्हा अंगावर येतो. शेजारी पियानो बसला की त्यातली निम्मी रंगत जाते.

मकामात, म्हणजे तिकडच्या रागासारख्या प्रकारात, पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधले स्वरही लागतात. चेलोला पडदे नसल्याने बोट हवं तिथे थांबतं, मींडही निघते. पियानोचं तसं नाही, एकदा जुळवला की स्वर पक्के. अहमद अदनान सायगुन यांचा चेलो-पियानो सोनाटा (दोन वाद्यांसाठीची अनेक भागांची रचना, १९३५) चांगला बांधलेला आहे, पण चेलो त्यात पाहुण्यासारखा सांभाळून वागतो. काळही तसाच होता म्हणा. १९३४ साली तुर्की रेडिओवर जुन्या उस्मानी संगीताला चक्क बंदी घातली गेली, ती १९३६ पर्यंत टिकली. सायगुन स्वतः पॅरिसला शिकून आलेले. १९३६ मध्ये हंगेरियन संगीतकार बार्टोक लोकगीतं गोळा करायला अनातोलियात (तुर्कस्तानच्या आशियाई भागात) आले, तेव्हा त्यांच्यासोबत हिंडणारेही हेच.

सायगुन यांचीच १९५० च्या दशकातली पार्टिटा (अनेक भागांची रचना; ओपस ३१, म्हणजे संगीतकाराच्या रचनांमधला तिचा क्रमांक) लावा. साथीला कोणी नाही. सुरुवात संथ, आणि दोन स्वरांमधल्या शांततेत गजाचा तारेवरचा खरखरता स्पर्शसुद्धा कानावर येतो. मी सर्वांत जास्त वेळा हीच ऐकली.

हसन फेरित आलनार यांचा १९४३ चा चेलो कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) दुसऱ्या क्रमांकावर. आलनार तरुणपणी नावाजलेले कानूनवादक (कानून म्हणजे मांडीवर ठेवून छेडायचं अनेक तारांचं वाद्य), पुढे व्हिएन्नाला शिकले. कानूनला स्वर किंचित चढवा-उतरवायला बारीक खटके असतात. त्यावर तयार झालेला कान ऑर्केस्ट्राच्या गर्दीतही लपत नाही, निदान मला तरी तसं वाटतं. सायगुन यांनी वयाच्या ऐंशीच्या घरात लिहिलेला कॉन्चेर्टो (१९८७) मात्र काळोखा आहे, ऑफिसातून दमून आल्यावर नको.

या सगळ्यांच्या आधीचे तंबुरी जेमिल बे (मृत्यू १९१६) चुकवू नका. तंबूर या लांब दांडीच्या तंतुवाद्याचे वादक म्हणून नाव, पण चेलोवरही तकसीम वाजवलेत. तकसीम म्हणजे साधारण आपला आलाप. जुन्या तबकड्यांचा चरचराट सोसावा लागतो. हिजाझ मकाम निघाला की भैरवाचं पूर्वांग आठवतं: कोमल रिषभ, मग शुद्ध गंधारावर उडी. त्यांचा मुलगा मेसुत जेमिल पुढे बर्लिनला जाऊन चेलो शिकला. बापलेकांचं वादन पाठोपाठ लावून बघा.

तक्रारी दोन. ध्वनिमुद्रणं मोजकी, आणि तुर्की नावांच्या स्पेलिंगमुळे शोधताना डोकं उठतं. आधी ओपस क्रमांक टाकून पाहा. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकूच नका. चेलोची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास बोलते, तिथे फोन जवळपास मुका असतो. साधे वायरवाले इअरफोनही चालतात, माझे तसलेच आहेत.