गूगल फॅमिली लिंक: आठ महिने वापरून झाल्यावर

मुलगा बारा वर्षांचा. गेल्या गणेश चवथीनंतर त्याला माझा जुना अँड्रॉइड फोन दिला आणि त्याच दिवशी त्यावर फॅमिली लिंक, म्हणजे मुलाच्या फोनला पालकांनी मर्यादा घालायचं गूगलचं ॲप, लावलं. आमचं गोव्यातल्या डिचोलीचं घर एकत्र आहे. सासू-सासरे, दीर-जाऊ धरून मोठ्यांचे सहा फोन. हे आधीच सांगते, कारण पुढे सगळं तिथेच अडलं.

ॲप फुकट आहे आणि समजायला सोपं. मुलाचं खातं खऱ्या जन्मतारखेने उघडायचं. दिवसाला किती वेळ ते आपण ठरवायचं (आमच्याकडे दीड तास), रात्री नऊला फोन आपोआप लॉक. नवीन ॲप घ्यायचं तर परवानगीची रिक्वेस्ट माझ्याकडे येते. एकदा मासळी बाजारात हातात सुंगटांची पिशवी घेऊन उभी होते, तर लागोपाठ चार रिक्वेस्ट आल्या. चारही इन्स्टाग्रामच्या. चारही नाकारल्या. कुठल्या ॲपवर किती मिनिटं गेली ते दिसतं, कुणाशी काय बोलला ते दिसत नाही. ते मला पटतं. पोराचे मेसेज मला वाचायचेच नाहीत.

जानेवारीत एका रात्री साडेअकराला पाणी प्यायला उठले, तर सासूबाईंच्या खोलीत गोधडीखाली उजेड. फोन त्यांचा, आणि त्यावर पोराने जन्मसाल 2003 घालून इन्स्टाग्रामचं खातं उघडलेलं. "अगो, रडत होता तो, म्हणून दिला," त्या म्हणाल्या. त्यांच्यावर कसली रागावणार? पण पोराचं वाक्य मनातून जात नाही: "आई, वर्गात फक्त माझ्याकडेच नाही."

यावर कुठल्याच ॲपकडे उत्तर नाही. म्हणून मला कायदा हवा आहे.

माझी नणंद मेलबर्नला असते. तिकडे 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. आईवडील हो म्हणाले तरी नाही. दंड कंपनीला, 4.95 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना काही नाही. चौदा वर्षांच्या भाचीचं स्नॅपचॅट गेलं तेव्हा ती आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. जावेच्या मुलीशी तिच्या गप्पा तिथेच चालायच्या, ते दुःख खोटं नव्हतं. व्हॉट्सॲप त्या यादीत नाही, म्हणून आता रविवारी ती सासूबाईंच्या फोनवर व्हिडिओ कॉल करते आणि अख्खं घर भोवती गोळा होतं. नणंद म्हणाली, "वहिनी, तिच्या सगळ्या मैत्रिणींचं एकदम गेलं ना, म्हणून आमचं घरातलं भांडण मिटलं."

असा कायदा गोव्यात आणता येईल का, याचा अभ्यास चालू असल्याचं आपले आयटी मंत्री रोहन खंवटे यांनी जानेवारी 2026 मध्ये सांगितलं होतं. तो लवकर पुरा व्हावा. केंद्राच्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीचं कलम आहे, पण संमती म्हटली की प्रश्न पुन्हा माझ्याच दारात. हो म्हणणारी मी, नाही म्हणणारीही मीच, आणि मग दोन दिवस त्याचा अबोला सोसायचा तोही मीच. दुसऱ्या आईने हो म्हटलं की माझं नाही वर्गात उघडं पडतं.

तोवर फॅमिली लिंक जरूर घ्या, पाचापैकी चार गुण. मात्र लावण्याआधी आजी-आजोबांना शेजारी बसवून समजावा आणि घरातल्या प्रत्येक फोनला पिन घाला. आम्ही आता रात्री नऊला फोन ओसरीवरच्या फळीवर ठेवतो, माझाही. दिराची रात्रपाळी असली की तेवढा त्याचा सुटतो. सासूबाईंच्या फोनचा पिन फक्त त्यांना आणि मला माहीत आहे, आणि त्यांनी तो अजून नातवाला सांगितलेला नाही.