काळ्यावर पास, राखाडीवर नापास: बदलून मिळालेल्या पॅनेलचा अनुभव

कंपनीने वॉरंटीत पॅनेल फुकट बदलून दिलं, तरी मी कुरकुरतोय. मॉनिटर २७ इंची, आयपीएस (एलसीडी पॅनेलचा एक प्रकार), १४४०पी. रंग, पोर्ट, स्टँड यांबद्दल काही म्हणणं नाही, ते सगळं निमूट चालतंय. भांडण फक्त बॅकलाइटशी, म्हणजे पडद्याला मागून मिळणाऱ्या उजेडाशी आहे.

पहिल्या पॅनेलला खाली उजव्या कोपऱ्यात पिवळट उजेड यायला लागला. सिनेमा लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात ना, त्यातली खालची पट्टी त्या टोकाला काळी राहायचीच नाही. तक्रार केली, फोटो पाठवला. उत्तर आलं, "सर, हा आयपीएस ग्लो आहे, नॉर्मल आहे." हे उत्तर बऱ्याच जणांना मिळत असणार, म्हणून ग्लो आणि ब्लीड यांतला फरक सांगतो. ग्लो तुमच्या बसण्यावर अवलंबून असतो. मान बाजूला नेली, खुर्ची मागे ओढली की तो फिका पडतो नाहीतर सरकतो. ब्लीड मात्र कुठूनही बघा, जिथल्या तिथे. तिथून उजेड खरोखरच निसटत असतो, बहुतेकदा फ्रेमने पॅनेलची कड दाबली गेल्यामुळे.

हे पटवायला फोटो उपयोगाचा नाही. अंधारात मोबाइल आपणहून एक्स्पोजर वाढवतो, मग चांगला पॅनेलही पहाट झाल्यासारखा दिसतो आणि समोरचा म्हणतो, कॅमेऱ्यामुळे तसं वाटतंय. मी एक्स्पोजर लॉक करून, डोळ्याला दिसतं तितकंच दिसेपर्यंत ते खाली आणलं आणि लांबून चालत चालत व्हिडिओ काढला. मी हलतोय, डाग हलत नाही. त्यानंतर ग्लोची भाषा बंद झाली आणि पॅनेल मंजूर झालं.

नवीन पॅनेल आल्यावर रीतसर चाचणी घेतली. अर्धा तास मॉनिटर तापू दिला, खोलीत अंधार केला, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद केला. तो चालू राहिला तर पूर्ण काळा पडदा येताच मॉनिटर स्वतःच बॅकलाइट मंद करतो आणि दोष झाकला जातो. ब्राइटनेस रोजचाच ठेवला. लोक १०० टक्क्यांवर नेऊन बघतात आणि घाबरतात, त्यात अर्थ नाही. १०००:१ कॉन्ट्रास्टचं, म्हणजे ज्यात पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ असतो असं आयपीएस पॅनेल पांढरा १२० निट्स (निट हे उजळपणा मोजायचं एकक) दाखवतं तेव्हा त्याचा काळा ०.१२ निट्स असतो. पांढरा ३०० वर नेला की काळाही ०.३ वर जातो. तेवढा करडेपणा या पॅनेलमध्ये असणारच. तो खुपत असेल तर ३०००:१ च्या आसपासचं व्हीए घ्यावं, त्या प्रकारच्या पॅनेलचा काळा जास्त गडद असतो.

काळ्यावर हे पॅनेल अप्रतिम निघालं. चारही कोपरे शांत. तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो.

मग एक मोठी एक्सेल शीट उघडली. आडवी स्क्रोल करताना डावीकडे एक उभा पट्टा दिसला, काचेवरून मळका फडका फिरवावा तसा. मजकूर सरकतोय, पट्टा जागच्या जागी. सगळा पडदा मध्यम राखाडी केला तर आणखी ठसठशीत. याला डर्टी स्क्रीन इफेक्ट म्हणतात आणि काळ्या पडद्यावर तो सापडतच नाही. या मॉनिटरमध्ये एलईडी एका कडेला असतात. तिथला उजेड एक प्लेट सगळीकडे पसरवते आणि वरचे डिफ्यूजर तो सारखा करतात. त्यात कुठे कसर राहिली की उजळ पडद्यावर कळते.

मित्राचा कलरीमीटर, म्हणजे पडद्याचा रंग आणि उजेड मोजायचं यंत्र, आणून मोजलं (विकत कोण घेतो). गंमत अशी की मधल्यापेक्षा वरचा डावा कोपरा जवळपास १५ टक्के मंद निघाला, आणि तो मला कधी जाणवलाही नव्हता. पट्ट्यातला फरक जेमतेम २-३ टक्क्यांचा, आणि तोच दिवसभर डोळ्यात खुपतो. उजेड हळूहळू कमी होत गेला तर डोळा सोडून देतो, पण कड दिसली की तिथेच अडकतो.

जुना डाग फक्त रात्री, फक्त सिनेमात दिसायचा. हा सकाळी मेल उघडल्यापासून समोर आहे. त्यामुळे आता कोणी विचारलं तर सांगतो, काळी चाचणी नंतर करा, आधी राखाडी लावा आणि त्यावरून एखादी रिकामी नोटपॅडची खिडकी या कडेपासून त्या कडेपर्यंत हळू ओढून बघा. पांढरा कुठे पिवळा किंवा गुलाबी पडतो तेही त्यातच कळतं. आणि हे परत करायची मुदत संपायच्या आत करा, कारण नंतर वॉरंटीच्या कागदावर भांडावं लागतं. माझ्या कागदात बंद पडलेले पिक्सेल किती चालतील हे लिहिलंय, उजेड किती असमान चालेल याबद्दल अवाक्षर नाही.

युनिफॉर्मिटी कॉम्पेन्सेशन असलेले महागडे मॉनिटर असतात, पण ते मुख्यतः उजळ भाग खाली आणून मंद भागाशी जुळवतात. म्हणजे जास्त पैसे मोजून ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट कमी करून घ्यायचा. माझ्याकडून होणार नाही. तूर्तास चॅटची खिडकी डार्क थीम लावून त्या पट्ट्यावर बसवली आहे आणि शीट उजवीकडे.

तक्रार अजून उघडीच आहे. "समस्या सुटली असल्यास येथे क्लिक करा" असा मेसेज रोज येतो. मी करत नाही.