हवाई लेझरने उथळ समुद्राचे मोजमाप: सेवा चांगली, पण पहिला नकाशा जपून वाचा

उथळ किनारी पट्टीची खोली मोजण्यासाठी आम्ही बोटीऐवजी हवाई लिडारची, म्हणजे विमानातून लेझर सोडून अंतर मोजण्याची, सेवा घेतली. बोटीखालच्या मल्टिबीम सोनारचा (ध्वनीच्या अनेक झोतांनी खोली मोजणाऱ्या यंत्राचा) एका फेरीत मोजला जाणारा पट्टा खोलीनुसार आक्रसतो, त्यामुळे दोन-तीन मीटर पाण्यात तो जेमतेम काही मीटर रुंद उरतो, आणि खडकाळ जागी बोट घालणे जोखमीचेही असते. विमानातून मिळणाऱ्या पट्ट्याची रुंदी मात्र उड्डाणाच्या उंचीवर ठरते. ४०० मीटरांवरून ती सुमारे ३०० मीटर भरते, मग खाली पाणी एक मीटर असो वा दहा.

यात ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर वापरतात. त्याचा एक परतावा पाण्याच्या पृष्ठभागावरून येतो, दुसरा तळावरून, आणि दोहोंमधल्या वेळेवरून खोली निघते. एक मीटर पाण्यासाठी हा फरक अवघा ९ नॅनोसेकंदांचा असतो. सेवा देणाऱ्या चमूतील तंत्रज्ञाने पडद्यावर परताव्याचे आलेख दाखवले, तेव्हा चार मीटरांवर दोन उंचवटे स्पष्ट सुटे दिसत होते. अर्ध्या मीटरावर मात्र ते एकमेकांत इतके मिसळले होते की तळ कुठला, हे ठरवणे अंदाजाचेच काम वाटले.

पाण्याचा नितळपणा हाच येथे खरा मालक. चमू रोज सकाळी होडीतून सेकीची पांढरी-काळी तबकडी खाली सोडे आणि ती दोन मीटरांच्या आतच दिसेनाशी झाली की उड्डाण रद्द करी. सहा दिवस असे गेले. तेव्हा मी वैतागलो होतो, पण गढूळ पाण्यावर उडून आकडे गोळा न करण्याचा त्यांचा हट्ट योग्यच होता. पुढे उड्डाण एका सकाळीत आटोपले.

तक्रार आहे ती पहिल्या नकाशाबद्दल. लाटा फुटतात त्या पट्ट्यात समुद्रतळ इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत दिसला, म्हणून लेझरने मोजलेले मूळ बिंदू उघडून पाहिले, तर तेथे तळाचा एकही बिंदू नव्हता. फेस आणि बुडबुड्यांमुळे प्रकाश तळापर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि आजूबाजूच्या आकड्यांवरून ती पोकळी परस्पर भरून टाकली होती. ज्या नकाशावरून कोणी होडी हाकारणार आहे, त्यात असे करणे मला अक्षम्य वाटते. कळवल्यावर त्यांनी वाद न घालता रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवलेली दुसरी आवृत्ती दिली. उंची एलिप्सॉइडवरून (पृथ्वीच्या गणिती आकाराच्या पृष्ठभागावरून) मोजलेली होती, चार्ट डेटमवरून (सागरी नकाशातली खोली ज्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात तिच्यावरून) नव्हे. त्या रूपांतरात आणखी वेळ गेला, पण ते करारात लिहून घेतले नव्हते, ही चूक आमची.

नितळ, खडकाळ, बोटीला न पोहोचता येणाऱ्या पाण्यासाठी ही सेवा मी पुन्हा घेईन. खाडीच्या मुखाशी, जिथे गाळ कायम ढवळलेला असतो, तिथली पोकळी आम्ही अखेर भरतीच्या वेळी छोटी होडी आणि साधा इकोसाउंडर (प्रतिध्वनीवरून खोली मोजणारे यंत्र) नेऊनच भरली.