केप टाउनचे पेंग्विन: बोल्डर्स की स्टोनी पॉइंट?

राणीच्या बागेत काचेपलीकडे दिसतात ते हम्बोल्ट पेंग्विन, मूळचे पेरू-चिलीचे. त्यांचे आफ्रिकन भाऊबंद मोकळ्या किनाऱ्यावर बघायचे तर केप टाउनहून दोन ठिकाणं सोयीची: सायमन्स टाउनचा बोल्डर्स बीच आणि बेटीज बेचा स्टोनी पॉइंट. दोन्ही फॉल्स बे या उपसागराच्या समोरासमोरच्या टोकांकडे, त्यामुळे एकाच दिवसात दोन्ही उरकायचा हट्ट नको.

गाडी नसेल तर बोल्डर्सच. शहरापासून सुमारे ४० किलोमीटर, टूरवाल्यांच्या बसेस थेट नेतात. लाकडी पायवाटेवरून पक्षी दिसतात, आणि शेजारच्या छोट्या किनाऱ्यावर त्यांच्या आसपास पोहताही येतं, म्हणून मुलं खूश. पण तिकीट महाग आणि गर्दी अशी की पेंग्विनपेक्षा सेल्फी स्टिक जास्त. गावात ते रस्त्यावरही फिरतात. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघायचं.

माझं मत स्टोनी पॉइंटला. सुमारे ९० किलोमीटर पडतात, पण गॉर्डन्स बेनंतरचा डोंगर-समुद्रामधला रस्ता वसूल आहे. जागा जुन्या व्हेलिंग स्टेशनची, म्हणजे देवमाशांच्या शिकारीच्या तळाची. तिकीट स्वस्त, माणसं कमी, पेंग्विनांच्या जोडीला पाणकावळ्यांच्या चार जाती. गर्दी नसल्यामुळे निवांत बघता येतं: डोळ्यावरची उघडी गुलाबी कातडी ऊन वाढलं की लाल होत जाते, कारण अंगातली उष्णता तिथून बाहेर पडते. आणि आवाज? चक्क गाढवाचा!

कुठेही गेलात तरी हे लक्षात असू द्या: २०२४ साली हा पक्षी 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला, प्रजननक्षम जोड्या दहा हजारांच्याही खाली आल्यात. मुख्य कारण उपासमार. त्यांच्या खाण्यातले सार्डिन आणि अँकोव्ही मासे कमी झाले. २०२५ मध्ये कोर्टात झालेल्या समझोत्यानुसार सहा वसाहतींभोवती दहा वर्षांसाठी या माशांच्या व्यावसायिक मासेमारीला मज्जाव आहे, त्यात स्टोनी पॉइंट येतो. खायला घालू नका, हात लावू नका. चोच वस्तऱ्यासारखी चालते.

मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर तिथे पावसाळी थंडी, पण घरट्यांत अंडी-पिल्लं मिळण्याची शक्यता चांगली. नाताळच्या सुमारास मोठे पक्षी पिसं टाकतात. तेव्हा अंग जलरोधक राहत नाही, सुमारे तीन आठवडे उपाशीपोटी किनाऱ्यावरच थांबावं लागतं. दिसतात फाटक्या गोधडीसारखे, पण आजारी नसतात. त्या दिवसांत आग्नेयेचा वाराही जोरात असतो, टोपी दोरीवालीच घ्या.