भरीत पार्टीला शँपेन की नाशिकची ब्रूट? चारही बाटल्या शेजारी ठेवून पिल्यावरचं मत

सरळ सांगतो, जळगाव-धुळ्याकडे घरगुती कार्यक्रमाला बाटली उघडायची असेल तर फ्रान्सच्या शँपेनवर पैसा घालू नका, नाशिकची ब्रूट, म्हणजे गोड नसलेली बुडबुड्यांची (स्पार्कलिंग) वाईन घ्या आणि वाचलेल्या पैशात एखादी बाटली जास्तीची अन् बर्फ भरपूर आणा. आमच्या दादा-वहिनींच्या लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी ठेवली होती, तिथे नाशिककडच्या सुला ब्रूट, शँडॉन ब्रूट, शँडॉन रोझे (गुलाबी) आणि पुतण्याने पुण्याहून आणलेली फ्रान्सची शँपेन मोएट अशा चारही एकाच टेबलावर होत्या, म्हणून हे खात्रीने लिहितोय.

आधी एक गोष्ट, कारण पार्टीत सगळे हेच विचारत होते. फ्रान्समधल्या शँपेन भागात बनते तिलाच शँपेन म्हणता येतं, बाकी सगळी स्पार्कलिंग वाईन. पण सुला अन् शँडॉन दोघंही पद्धत तीच वापरतात, म्हणजे वाईन बाटलीत भरून त्याच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात आणि बुडबुडे तिथेच तयार होतात. शँडॉन तर मोएटच्याच ग्रुपची, 2013 मध्ये भारतात आली, वायनरी दिंडोरीला. खऱ्या शँपेनला बाजारात यायच्या आधी निदान 15 महिने ठेवावं लागतं, वरून आयात कर, मग किंमत कित्येक पट होणारच. इटलीची प्रोसेको दिसली तर ती मोठ्या टाकीत बनते, फळासारखी हलकी लागते, नुसत्या गप्पांना छान. स्पेनची कावा मात्र बाटलीतलीच.

आता चव. जेवणाआधी नुसती प्यायली तेव्हा मोएटच सगळ्यात चांगली होती, यात वाद नाही, भाजलेल्या पावासारखा वास येतो अन् बुडबुडे एकदम बारीक. शँडॉन ब्रूट तिच्या बरीच जवळ गेली, गोलाईदार लागते, घशाला कुठे टोचत नाही. सुला ब्रूट जास्त आंबट, हिरव्या सफरचंदासारखी, लिंबाची झाक, काहींना ती फार कडक वाटली पण मला खाण्यासोबत तीच आवडली. रोझे दिसायला सुंदर, फोटोसाठी बायकापोरींनी तीच हातात धरली, चवीलाही वाईट नाही.

पण खरी परीक्षा खाणं आल्यावर झाली. तळलेले बिबडे, उडदाचे पापड अन् नुसती तिखट शेव यांच्यासोबत सुला ब्रूट इतकी जमली की ताट अन् बाटली सोबतच संपली, आंबटपणा अन् फेस तेलकटपणा धुऊन काढतात आणि मीठ असलं की वाईन गोडसर लागायला लागते. मग कापसाच्या पऱ्हाटीवर भाजलेली वांगी लाकडी बडगीत ठेचून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात अन् शेंगदाणे घातलेलं भरीत आलं, सोबत कळण्याच्या पुऱ्या. इथे मोएटचा तो नाजूक वास लसणापुढे पार गायब झाला. एवढ्या महागाची वस्तू अन् कोणाला कळलंसुद्धा नाही की आपण काय पितोय, मला मनापासून वाईट वाटलं. सुला अन् शँडॉन तग धरून होत्या. काळ्या मसाल्याच्या झणझणीत शेवभाजीसोबत मात्र कोणतीच ब्रूट घेऊ नका, बुडबुड्यांनी तिखट अजून झोंबतं. ग्लास आधी संपवा, मग रस्सा ओढा.

केकचं पण तसंच. ब्रूटमध्ये लिटरला साखर जास्तीत जास्त 12 ग्रॅम, केक किंवा जिलेबी खाऊन वर प्यायली तर नुसती आंबट लागते. गोडासोबत डेमी-सेक लागते, तिच्यात 32 ते 50 ग्रॅम साखर असते, पण आपल्याकडच्या दुकानात ती सहज दिसत नाही, म्हणून आधी चिअर्स करा मग केक कापा. अन् लेबलवर एक्स्ट्रा ड्राय लिहिलं असेल तर ती ब्रूटपेक्षा गोड असते हे लक्षात ठेवा, बरेच जण उलटं समजून घेतात.

दुकानाबद्दल बोलायलाच पाहिजे कारण आपल्याकडचं ऊन. एका दुकानातून घेतलेली बाटली रस्त्याकडच्या काचेच्या शोकेसमध्ये उभी होती, दुपारचं ऊन थेट तिच्यावर, उघडली तर फेस मेलेला, रंग पिवळाजर्द, चव शिळ्या सफरचंदाची, आणि परत न्यायला गेलो तर त्यांनी हात वर केले. दुसऱ्या ठिकाणी मालकाने स्वतःहून आतल्या खोक्यातली काढून दिली, पॅकिंगची तारीख दाखवली, ती बाटली मस्त निघाली. म्हणून शोकेसमधली घेऊच नका, आतली मागा, तारीख बघा, अन् एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका.

गार करायला मळ्यात फ्रीज नव्हता, मोठ्या टबात अर्धा बर्फ अर्धं पाणी, त्यात बाटल्या मानेपर्यंत बुडवून अर्धा तास, बस झालं. नुसता बर्फ टाकला तर मधे हवा राहते अन् वेळ लागतो. 6 ते 8 डिग्रीला सगळ्यात छान लागते. फ्रीजरमध्ये विसरली तर बाटली फुटू शकते. आत दाब गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त असतो, म्हणून बुचावरची तार सोडली की अंगठा बुचावरून काढायचा नाही, बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडायचं अन् बाटली फिरवायची, तोंड लेकरांकडे नाही. हलवून उडवायला पोरं फार मागे लागतात, मी स्पष्ट नाही म्हणालो, अर्धी बाटली मातीत जाते.

हिशोब असा, 750 मिलीच्या बाटलीत नीट भरलेले 6 ग्लास होतात, तीस माणसांना फक्त टोस्ट द्यायचा तर 5 बाटल्या धरा. ग्लास उभट असावेत आणि साबण पूर्ण निघालेला असावा, साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. उरलीच तर स्पार्कलिंगचं क्लिपवालं झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी चालते. चमचा तोंडात उभा करून ठेवायचा सल्ला आमच्या काकांनी दिला होता, त्याने काही होत नाही, झाकणच आणा.