भिंत, मेंदी की बांबू? सोलापुरातल्या प्लॉटचा आडोसा ठरवताना

जुळे सोलापूर, होटगी रोड किंवा विजापूर रोडला हजार-बाराशे चौरस मीटरच्या प्लॉटवर इमारत उभी राहते, तेव्हा आडोशाचा आणि झाडांचा विषय अगदी शेवटी निघतो. रंगकाम उरकलेलं असतं, हात आखडता झालेला असतो आणि भोगवटा प्रमाणपत्राची घाई असते. मग नर्सरीतून टेम्पोभर रोपं येतात, खड्ड्यांत उभी राहतात, फोटो निघतात. पुढच्या मे महिन्यानंतर त्यातली किती उरतात, ते कोणत्याही नव्या कॉलनीत एक चक्कर मारली की दिसतं. म्हणून हा निर्णय नकाशा निघण्याआधी घ्यायचा आहे, असं धरूनच पुढचं वाचा.

सीमेवर काय उभं करायचं याचे आपल्याकडे चार मार्ग आहेत: पूर्ण उंचीची पक्की भिंत, बुटकी भिंत व त्यावर ग्रिल-वेल, नुसतं झुडपांचं कुंपण, आणि लवकर वाढणाऱ्या उंच झाडांची दाट रांग.

नियमाने किती जागा दिली आहे

राज्यात डिसेंबर 2020 पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली सोलापूरलाही लागू आहे. तिच्यात रस्त्याकडच्या भिंतीची उंची रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजून दीड मीटरपर्यंत धरली आहे. त्याहून उंच, म्हणजे 2.4 मीटरपर्यंत जायचं असेल तर वरचा 0.9 मीटर भाग उघड्या जाळीचा हवा. कोपऱ्याच्या प्लॉटला चौकापासून दोन्ही बाजूंना 10 मीटरपर्यंत भरीव भिंत पाऊण मीटरच, त्यावर हवं तर ग्रिल. वळणारी दुचाकी समोरच्याला दिसावी यासाठी हे आहे, त्यामुळे तिथं झुडूप लावलं तरी तेही गुडघाभरच राखा.

म्हणजे रस्त्याच्या बाजूने आठ फुटी सलग भिंत घालून बंगला झाकायचा बेत असेल, तर तो मुळातच बाद होतो. दुसरी गोष्ट, जमीन 4,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. प्लॉट 500 चौरस मीटर किंवा मोठा असेल तर पावसाचं पाणी जिरवण्याची सोय सक्तीची आहे. हा शोषखड्डा कुठेतरी मागच्या कोपऱ्यात उरकू नका. झाडांच्या रांगेजवळ घ्या, दोन्ही कामं होतात.

भिंत

पक्की भिंत पहिल्याच दिवशी पूर्ण आडोसा देते. पाणी मागत नाही. आवाजही खरा तीच अडवते. अक्कलकोट रोड किंवा हैदराबाद रोडच्या ट्रकचा आवाज झुडपांनी कमी होईल ही आशा सोडा, त्यासाठी वस्तुमान लागतं. बाजूच्या प्लॉटमध्ये गोठा, गॅरेज किंवा भंगाराचा साठा असेल तर त्या बाजूला भिंतच बरी.

पण सोलापूरची काळी जमीन भिंतीची वैरी आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरूम लागेपर्यंत न खोदता दोन फुटांवर पाया घेतला, तर भिंतीला तिरक्या चिरा पडणारच. मुरूम खोल असेल तर भिंतीचा खर्च कागदावरच्या अंदाजाच्या बराच पुढे जातो. शिवाय मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो तेव्हा पश्चिमेकडची भिंत दिवसभर तापते आणि रात्री तीच उष्णता तळमजल्याच्या खोल्यांत सोडते. वाऱ्याचंही तसंच. भरीव भिंतीवरून वारा उसळी घेऊन पलीकडे भोवऱ्यासारखा उतरतो आणि धूळ अंगणातच टाकतो. वारा झिरपू देणारं कुंपण त्याचा वेग जास्त अंतरापर्यंत कमी करतं.

मेंदीचं कुंपण

झुडपांत मला मेंदी सगळ्यात भरवशाची वाटते. कोरडी हवा, छाटणी, हलकी जमीन, सगळं सोसते. गुरं फारशी तोंड लावत नाहीत. विलायती चिंच त्याहून काटक आणि काटेरी, मोठ्या प्लॉटला उत्तम. शेतात शेराचं आणि घायपाताचं कुंपण चालतं, वस्तीत नको: शेराचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, घायपाताची टोकं मुलांच्या उंचीवर येतात.

पाण्याचा हिशेब मांडू. 30 बाय 40 मीटरच्या प्लॉटचा घेर 140 मीटर. गेट सोडून 130 धरा. फुटाला एक रोप म्हणजे सव्वाचारशेच्या वर रोपं. ठिबकने तिसऱ्या दिवशी रोपाला दोन लिटर दिलं तर एका फेरीला साडेआठशे-नऊशे लिटर, रोजचं सरासरी तीनशे. त्याच प्लॉटवर पुढे 100 चौरस मीटर लॉन केलं, तर उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर धरून सहाशे लिटर लागतात, आणि तेही दरवर्षी. नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय असलेल्या शहरात, बोअर आटल्यावर दहा हजार लिटरचा टँकर पंधरवडाभर नुसत्या गवतावर जातो. मेंदी दोन उन्हाळे सांभाळली की पुढे क्वचितच पाणी मागते. लॉनचा मोह ज्याला असेल त्याने निदान हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

मेंदीचा दोष वेळ. डोक्याइतका दाट आडोसा व्हायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर तारेची जाळी लागेल, आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात धरायला लोक विसरतात.

उंच रांग आणि बांबू

लवकर झाकायचं म्हणून नर्सरीवाला कोनोकार्पस सुचवतो. ते घेऊ नका. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मुळं पाइपलाइन आणि केबलपर्यंत जातात, परागाचा त्रास होतो, ही तिथली कारणं. हिरवं दिसतं एवढ्यावर भागत नाही. उभा अशोक सरळ वाढतो, जागा कमी घेतो, पण सावली जवळपास देत नाही. बांबू मागच्या बाजूला छान, मात्र एका बेटाला पाच-सहा फुटांचा घेर लागतो आणि पाल्याने गटार तुंबतं. दीड मीटरच्या मार्जिनमध्ये, म्हणजे इमारत आणि सीमा यांच्यात सोडलेल्या पट्ट्यात, तो बसवू नये. उंच इमारतीभोवती अग्निशमन गाडीसाठी सोडलेल्या जागेत तर काहीच लावू नये, कुंडीसुद्धा नाही.

मोठी झाडं लावायची तर कडुनिंब, करंज, शिरीष, बहावा. काळ्या जमिनीत मोठं झाड पाणी ओढून माती आकसवतं, म्हणून भिंतीपासून निदान अडीच-तीन मीटर दूर.

प्लॉटवर आधीच जुनं झाड असेल तर आडोशाची रेषा त्याच्याभोवती वळवा. हे मी कळकळीने सांगतो, कारण चाळीस-पन्नास वर्षांच्या कडुनिंबाची सावली कोणत्याही पैशाने पुढच्या वर्षी उभी राहत नाही. कायदाही तेच सांगतो. 1975 च्या वृक्ष जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानलं. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, तीही सहा ते आठ फुटांची, आणि सात वर्षं त्यांची निगा राखायची. ज्याला चार फूट जास्त पार्किंग हवं आहे, त्याने हा हिशेब आधी करावा.

मग काय निवडायचं?

माझी पसंती मिश्र आहे. रस्त्याकडे मुरमावर घेतलेली दोन-अडीच फुटी भिंत, वर ग्रिल, ग्रिलवर बोगनवेल. ती रखरखत्या उन्हात उलट जास्त फुलते आणि काट्यांनी राखणही करते. पश्चिमेला जागा असेल तर तीन-चार करंज किंवा कडुनिंब, नसेल तर मेंदीच. उपद्रवी शेजार असेल त्याच बाजूला पूर्ण भिंत. तळमजल्यावर दुकानं असतील तर जनरेटर आणि कचऱ्याच्या जागेला जाळीचा आडोसा पुरतो. ट्रान्सफॉर्मरजवळ मात्र वेल किंवा वाळका पाला नको.

भाड्याने देण्यासाठी बांधत असाल आणि पाणी घालणारा माणूस कायम नसेल, तर मेंदीच्या नादी लागू नका, भिंत आणि बोगनवेल एवढंच करा.

लागवड जूनअखेर ते जुलैत उरका, म्हणजे सोलापुरात सर्वांत जास्त पाऊस देणारा सप्टेंबर मुळांना मिळतो. नर्सरीवाल्याशी ठरवताना निम्मे पैसे दुसरा उन्हाळा उलटल्यावर, जगलेली रोपं मोजून द्यायचे, असं लिहून घ्या.