‘फुल्ली कस्टमाइज्ड’ एअर रायफल आणि रिकामं सिलिंडर

मुलीसाठी सेकंडहॅण्ड मॅच (म्हणजे स्पर्धेची) एअर रायफल घेताना आम्हाला चुना लागला. तोच माणूस अजून विकतोय, म्हणून हे लिहितोय.

जाहिरातीत ‘फुल्ली कस्टमाइज्ड’ असं होतं. रंगीत आयरिस (नेम धरताना ज्यातून बघतात ते लहानमोठं होणारं छिद्र), बॅरलवर जादा वजनं, नवी बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग), बदललेली ग्रिप. फोटो झकास. “साहेब, नुसते सुटे भागच साठ हजारांचे आहेत,” हे वाक्य फोनवर दोनदा आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा ऐकवलं. रायफल जर्मन, बॅरल उत्तम, तिथे खोट नव्हती.

ट्रायल घेऊ म्हटलं तर उत्तर तयार: “हवेचं सिलिंडर रिकामं आहे. उन्हात गाडीत भरलेलं ठेवू नये ना!” ऐकायला किती जबाबदार वाटतं! पण हवा नाही म्हणजे गोळी सुटणार नाही, आणि गोळी सुटली नाही की बाकीचं काहीच उघडं पडत नाही.

रेंजवर मुलीच्या सरांनी आधी सिलिंडरच हातात घेतलं. त्यावर ‘सर्व्हिस्ड – ओके’ असं स्टिकर होतं. सरांनी नखाने कोपरा उचलला, तर खाली कोरलेला, सिलिंडर बनल्याचा महिना आणि वर्ष. सिलिंडर तेरा वर्षांचं निघालं! यात २०० बारच्या आसपास दाबाची हवा भरतात आणि नेमबाजाचा गाल त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो. बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदतीतलं सिलिंडर वापरणं ही आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार नेमबाजाचीच जबाबदारी. स्टिकर लावणारा तिथे नसतो.

क्लबमधल्या एका मुलाचं सिलिंडर लावून गोळ्या मारल्या, तेव्हा दुसरी भानगड कळली. डायॉप्टर, म्हणजे नेम धरायची मागची साईट, तिच्या स्क्रूने दहा क्लिक उजवीकडे, मग दहा डावीकडे फिरवलं, तर गोळी मूळ जागी यायला हवी. येईना. स्क्रूमध्ये चक्क ढिलेपणा होता. दहा मीटरवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे असलं डायॉप्टर काय कामाचं? नामांकित कंपनीचं म्हणून सांगितलेला तो भाग नक्कल होता. मूळ डायॉप्टर काढून वेगळं विकलेलं असणार, त्याला गिऱ्हाईक लगेच मिळतं. बदललेले भाग वाईट असतात असं मुळीच नाही. सेंट्रा किंवा गेहमानचं अस्सल डायॉप्टर असेल तर डोळे मिटून घ्या. पण काय बदललं हे विचारताना काढलेला मूळ भाग कुठे आहे, हेही विचारा. तो डब्यात सोबत मिळायला हवा.

कारखान्याचं टेस्ट कार्डही (तिथे त्या रायफलने मारलेल्या चाचणीच्या गोळ्यांचं) दिलं होतं, एकाच भोकात पाच गोळ्या. त्यावरचा नंबर मात्र आमच्या रायफलचा नव्हता. हा ताळा दोन मिनिटांत होतो, तेवढा पैसे देण्याआधी कराच.

०.१७७ बोअरच्या, २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. सोय चांगली आहे, पण त्यामुळे अशा खासगी व्यवहारात कोणी कोणाला काय विकलं याची नोंदही सहसा कुठे होत नाही. पोलीस ठाण्यात “हा तुमच्या व्यवहाराचा वाद” एवढंच ऐकायला मिळालं. विक्रेत्याने नंबर ब्लॉक केला. यूपीआयची पावती आणि चॅट जपून ठेवलंय, वकिलामार्फत नोटीस गेली आहे.

गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात दिसली. रायफल वेगळी, पण टेस्ट कार्डचा फोटो आमच्याच कार्डाचा.